एकतिसावं कलम

माझ्या वहिनीला कुणी "बघू नंतर" म्हटलं की तिचं डोकं उठतं. नंतर म्हणजे केव्हा, आणि बघू म्हणजे कोण बघणार, हे तिला तिथल्या तिथे हवं असतं. लग्न होऊन आमच्या घरी आली त्या पहिल्याच आठवड्यात आई तिला म्हणाली, आमच्याकडे सगळे लवकर उठतात. वहिनीनं शांतपणे विचारलं, लवकर म्हणजे किती वाजता, आणि सुट्टीच्या दिवशीही का? आईला वाटलं, सून पहिल्याच घासाला खडा निघाली. दादा, म्हणजे माझा भाऊ, वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता, तो तिथूनच म्हणाला, साडेसहा, आणि सुट्टीला साडेसात. झालं. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली, अजून ती त्याच वेळेला उठते.

मी तिची नणंद. लोकांना वाटतं नणंद-भावजय म्हटलं की विळ्या-भोपळ्याचं सख्य आलंच. आमच्यात ते होतंच की, नाही कशाला म्हणू? माझी जीभ तिखट आणि तिचं मौन त्याहून तिखट. आम्ही फक्त एवढंच केलं की ते सख्य कागदावर मांडून, खाली सह्या करून घेतल्या. बारा वर्षं त्या कागदावर दुकान चाललं. ते का चाललं आणि कुठे अडलं, तेच सांगायला बसले आहे.

वहिनी रफू करते. करायची, म्हणायला हवं, पण ते पुढे येईलच. रफू म्हणजे भोकाच्या कडेपासून सुईनं एक धागा उभा, एक आडवा असं विणत मूळ कापडच परत करायचं. बाहेरचा धागा चालत नाही. त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून, दुमडीतून हळूच ओढून घ्यायचा. ओढताना दोनचार धागे जास्तीचे निघतात, ते वहिनी टाकत नसे. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर गुंडाळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची. एकट्या करड्या रंगाच्या साठ पट्ट्या होत्या तिच्याकडे. तुम्हाला-मला सगळे करडेच दिसतील, पण तिला साठ दिसायचे.

तो पहिला डबा तिचा राहिला नाही. माझ्या आधी तिची एका मैत्रिणीबरोबर भागी होती. जिन्याखालची खोली, दोन खुर्च्या, एक दिवा. अकरा वर्षं दोघींनी काम केलं आणि कागदाचा कपटाही केला नाही, कारण मैत्रीण म्हणायची, आपल्यात कसला आलाय कागद? मग मैत्रिणीच्या नवऱ्याची बदली झाली. निघताना तिनं खोलीतल्या वस्तूंची निम्मी-निम्मी वाटणी केली, आणि तिच्या निम्म्यात डबा गेला. तिच्या दृष्टीनं तो एक डबा होता. वहिनीच्या दृष्टीनं ती अकरा वर्षं होती. डबा कुणाचा, हे दोघींनी कधी ठरवलंच नव्हतं, त्यामुळे दोघींचंही खरं होतं आणि दोघीही दुखावल्या. वहिनी आठ दिवस नीट जेवली नाही. मैत्रीण जाण्याचं दुःख जास्त की डब्याचं, हे मी तिला विचारलं नाही, पण ती एकदा आपणहून म्हणाली की डबा गेल्यामुळे मैत्रीण गेली, नाहीतर बदलीच्या गावाला पत्रं गेली असती.

त्याच सुमारास माझा कपड्यांचा कारखाना बंद पडला. चौदा वर्षं मी शर्टांच्या कॉलरी कापल्या होत्या. हात शाबूत आणि काम गायब. वहिनी म्हणाली, आपण दोघी दुकान काढू, तू दुरुस्ती कर, मी रफू करते. मी एका पायावर तयार. तर पुढचं वाक्य काय? "पण कागद करू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातल्या घरात कागद? परक्यांशी करतात तसा? मी तिला म्हटलं, मग उद्या दादाशी संसाराचाही करून घे. तर म्हणते कशी, केला असता तर बरं झालं असतं, भिजलेला टॉवेल पलंगावर टाकण्याचं एक कलम नक्की घातलं असतं. दादा शेजारच्या खोलीत खोकला. आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं!

तीन रविवार दुपारी बसून आम्ही तो करार लिहिला. लांबडे, रेघांचे कागद होते. वहिनीचं अक्षर इतकं बारीक की मला वाटायचं कागदावरून मुंग्या चालल्या आहेत. सदतीस कलमं झाली. कलम चार, कापडाच्या कात्रीनं कागद कापायचा नाही, पेटलेल्या भांडणातसुद्धा नाही. कलम सहा, धाग्यांचा डबा रफू करणारीचा, दुकान मोडलं तरी तिचाच. कलम नऊ, खिडकीजवळची खुर्ची सकाळी वहिनीची आणि तीननंतर माझी. कलम सोळा माझं सगळ्यात लाडकं. दोघींत अबोला झाल्यास तो कामाच्या तीन दिवसांपलीकडे जाणार नाही, आणि अबोल्यातही कामापुरतं बोलणं बंधनकारक राहील. कामापुरतं म्हणजे गिऱ्हाईक, कपडा, धागा, वेळ आणि चहा. कलम बावीस म्हणतं की माझी आई म्हणजेच वहिनीच्या सासूबाई हा विषय दुकानात निघणार नाही. हे कलम आईला आम्ही कधीच वाचून दाखवलं नाही.

मी प्रत्येक कलमाला तोंड वाकडं केलं आणि प्रत्येकावर सही केली. फक्त एकतिसाव्याला अडले. त्यात लिहिलं होतं, "दोघींपैकी एकीचे हात, डोळे किंवा शरीर कामाला येईनासे झाले, तर..." पुढचं मी वाचूच दिलं नाही. दुकानाचं शटर अजून एकदाही वर गेलं नाही आणि हिला हात-पाय मोडण्याचे डोहाळे! मी म्हटलं, शुभ बोल नाऱ्या. वास्तू तथास्तु म्हणत असते, ठाऊक आहे ना? आमचे बाबा आदल्याच वर्षी सहा महिने अंथरुणावर पडून गेले होते, आणि त्या विषयाचं अक्षरही मला डोळ्यांसमोर नको होतं. तिच्या हातातलं पेन घेऊन मी ते कलम खोडलं. एकदा, दोनदा, खालच्या पानावर वळ उठेपर्यंत. वहिनीनं मला अडवलं नाही. खोडलेल्या जागेशेजारी दोघींच्या सह्या मात्र करून घेतल्या. मला वाटलं जिंकले.

दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली होतं. खिडकी इतकी खालती की बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसत. आत एक लांब टेबल, भिंतीशी कोटांची दांडी, वाफेची इस्त्री, आणि दारामागे चहाची शेगडी. हळूहळू गिऱ्हाईक यायला लागलं, तशी वहिनीच्या हातात पावतीची मागची बाजू आली. तिथे तिनं आपल्या मुंग्या सोडल्या. एका गृहस्थानं कसर लागलेला कोट आणला, आम्ही पाच भोकं बुजवली, तर न्यायला आल्यावर म्हणतो, सहावं तुम्हीच पाडलंत. दुसऱ्या दिवशी पावतीमागे एक ओळ वाढली की भोकं गिऱ्हाइकासमोर मोजून, खडूनं गोल करून, आकडा इथे लिहिला जाईल. एका बाईनं रफू केलेली बाही दिव्याखाली तिरपी धरून दोष काढला. आली ओळ, की रफू दिवसाच्या उजेडात, हातभर अंतरावरून पाहावं. मी थट्टा करायची की वहिनी, आता एक ओळ टाक, गिऱ्हाइकानं येण्याआधी तोंड धुवावं.

पण खरं सांगते, भांडणं कमी झाली. एका हॉटेलचं काम आम्हाला मिळालं, वेटरांचे पांढरे कोट दुरुस्त करायचं. त्यांच्या मॅनेजरनं अर्ध्या पानाचा करार धाडला होता, त्यात एवढंच की कपडे वेळेवर दुरुस्त करून द्यावेत. वहिनीनं तो चार पानांचा करून परत पाठवला. वेळेवर म्हणजे आज दुपारी बारापर्यंत आलेला कोट उद्या साडेनऊला. दुरुस्ती म्हणजे बटण, शिवण, फाटलेलं, डाग त्यात नाही. मॅनेजर खो खो हसला. पुढे त्याच्याच साहेबानं त्याला धारेवर धरलं की डागाळलेले कोट कसे काय परत येतात, तेव्हा त्यानं आमची चार पानं साहेबापुढे ठेवली आणि स्वतःची मान सोडवली. नंतर तो स्वतः पायऱ्या उतरून आला आणि वहिनीला म्हणाला, बाई, माझ्या बाकीच्या करारांवरही एक नजर टाकाल का? त्या दिवशी मी पहिल्यांदा मनातल्या मनात कबूल केलं की बारीक अक्षर दोन्ही बाजूंना सांभाळतं. तोंडानं नाही केलं. एवढी काही मी वाया गेलेली नाही.

बाराव्या वर्षी एका क्रीम रंगाच्या कोटाच्या अस्तरावर मला लाल ठिपका दिसला. मग दुसरा. मी वहिनीवर ओरडले, अगं, बोट टोचलंय तुझं, कोट बाजूला कर. ती म्हणाली, कुठे? मी बघितलं तर सुई तिच्या डाव्या तर्जनीत रुतलेली होती, आणि ती माझ्याकडे बघत होती. तिला कळलंच नव्हतं.

डॉक्टरांनी दोन्ही हातांच्या बोटांवर कापूस फिरवला, टाचणी टेकवली, आणि सांगितलं की साखरेमुळे टोकांच्या नसा गेल्या आहेत. औषधानं पुढे जाणार नाही बहुधा, पण गेलेलं परत येईल असं समजू नका. वहिनीनं विचारलं, बहुधा म्हणजे किती? डॉक्टरांनी औषधांची चिठ्ठी लिहायला घेतली. बाहेर आल्यावर मी रिक्षा शोधायच्या निमित्तानं पुढे गेले आणि पदरानं डोळे पुसले.

महिनाभर तिनं हातपाय मारले. दहाही बोटांत अंगुस्तानं घातली. भिंग लावून, धागा डोळ्यांनी बघत विणून पाहिलं. पण रफू बोटांनी ऐकायचं काम असतं, उभ्या धाग्याचा ताण बोटाला कळावा लागतो. तिचे टाके जाड यायला लागले. एक कोट तिनं तीनदा उसवला आणि चौथ्यांदा घडी करून माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, हा परत कर, जमत नाही म्हणून सांग. बारा वर्षांत असं वाक्य त्या दुकानात कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं करार काढला आणि टेबलावर पसरला. माझ्यासमोर पहिल्या कलमापासून सदतिसाव्यापर्यंत वाचला. एकतिसाव्याच्या जागी आली, थांबली, पान उलटलं. मग पिशवीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. वर लिहिलं होतं "भागीदारास", म्हणजे मला. तेहतिसाव्या कलमाप्रमाणे, सोडून जाणारीनं तीन महिने आधी लेखी कळवायचं असतं, ते ती कळवत होती.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. थोडक्यात सांगायचं तर, तू घरची आहेस, तुझा वाटा तुला मरेपर्यंत मिळेल, नुसती येऊन खुर्चीत बस, कोण विचारतंय तुला, आणि हे नोटिशीचं सोंग त्या शेगडीत घाल. मला वाटलं होतं, एवढं प्रेमानं बोलल्यावर ती विरघळेल.

ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही मनापासून देताय, मला माहीत आहे." राग आला किंवा फार दुखलं की ती मला वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते. "पण मी घरात सून होते. आईंच्या कपाळाला आठी आहे की नाही, ते बघून मी रेडिओ लावायची. दुकानात बारा वर्षं मी कुणाचं कपाळ वाचलं नाही, कारण सगळं कागदावर होतं. उद्यापासून मी इथे नुसती बसले, तर रोज सकाळी आधी तुमचं कपाळ बघीन. ते मला जमायचं नाही."

मी अबोला धरला. कलम सोळा, तीन दिवस. हक्कच होता माझा.

पण त्या तीन दिवसांत माझ्या डोक्यातून एकच गोष्ट जाईना. एकतिसावं कलम मीच खोडलं होतं. त्यात तिनं पुढे काय लिहिलं होतं, हे आठवायचा मी किती प्रयत्न केला, पण वाचलंच नव्हतं तर आठवणार काय! कागद उजेडाला धरून पाहिला, मागून पाहिला. माझ्या पेनाखाली एक अक्षरही जिवंत राहिलं नव्हतं. तिला विचारणं शक्य होतं, पण अबोल्यात फक्त कामापुरतं बोलायचं, आणि मुख्य म्हणजे मला लाज वाटत होती. तिनं आमच्यासाठी जी जागा करून ठेवली होती, तीच मी अभद्र म्हणून बुजवली होती. आता ती जागा मलाच परत विणावी लागणार होती.

मी रेघांचा कागद घेतला आणि लिहिलं, "वहिनी नेहमी दुकानात राहील आणि तिचा वाटा तिला मिळेल." वाचलं. बरं वाटलं. मग तिच्या डोक्यानं पुन्हा वाचलं. नेहमी म्हणजे किती? राहील म्हणजे काय करील? वाटा कशाबद्दल? शेवटच्या प्रश्नाशी माझं पेन अडलं. कशाबद्दल याचं उत्तर लिहिता आलं नाही, तर ते दानच झालं, आणि दान ती घेणार नव्हती.

म्हणून मी बघायला लागले. तोंड बंद असलं की डोळ्यांना काम मिळतं. पहिल्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ जुना कोट घेऊन आले. वहिनीनं तो खिडकीशी नेला, बाही आडवी धरली आणि सांगितलं की कोपर रफूला झेपणार नाही, कापडच दमलंय, पण कॉलर सोडवता येईल. त्यांना फुकटचा खर्च पडला नाही आणि आम्हाला फुकटची भोकं. हे तिनं बोटांनी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला एक निळसर धागा जुळेना. तिनं लांबूनच एक पट्टी दाखवली, आणि ती बसली. हॉटेलच्या नव्या मॅनेजरनं कराराची अट विचारली, तिनं पान न उघडता सांगितली. कारखान्यातली माझी एक जुनी सोबतीण रफू शिकायला येऊ का म्हणून कधीची विचारत होती, तिला मी उडवून लावलं होतं की वहिनीला वेळ नाही. मी एकेक गोष्ट कागदावर उतरवत गेले. बारा वर्षं मी त्या बाईच्या शेजारी बसले होते, आणि ती काय करते असं कुणी विचारलं तर एका शब्दात रफू म्हणून मोकळी होत होते.

तीन दिवसांत माझी चौदा उपकलमं झाली. कपडा रफूला घ्यायचा की नाही, हा निर्णय वहिनीचा आणि माझ्यावर बंधनकारक. धागा निवडणं तिचं. शिकायला येणाऱ्या बायकांना आठवड्यातून तीन दिवस ती शिकवील, आणि त्यांचा टाका पास की नापास हे तीच ठरवील. नवीन करार तीच वाचेल. या कामांबद्दल तिचा वाटा पूर्वीइतकाच, आणि तो कमी करायचा झाल्यास दोघींच्या सह्या लागतील, म्हणजे तिची परवानगी. कुणाला काम झेपतंय की नाही हे दुसरीनं ठरवायचं नाही, जिचं तिनं सांगायचं. आजारपणात रोज कशी आहेस म्हणून विचारून भंडावून सोडायचं नाही, एकदा विचारलं की पुरे. हे शेवटचं लिहिताना माझं मलाच हसू आलं, कारण हा त्रास तिला कोण देत होतं ते मला चांगलंच माहीत होतं.

लिहिता लिहिता एक गोष्ट मला उमगली, ती मी आता कुणाशीही पैजेवर सांगेन. "आपल्यात काय आलंय" असं म्हणणाऱ्यानं समोरच्याकडे नीट बघितलेलं नसतं. बघायचं राहून जातं, आणि प्रेम असल्यामुळे ते राहिलंय हे कळतही नाही. तिच्या मैत्रिणीला डबा दिसला नाही. मला वहिनी दिसली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी तो कागद तिच्यासमोर ठेवला. वर लिहिलं होतं, कलम एकतीस. तिनं भिंग घेतलं आणि ती वाचायला लागली. मी उगाचच इस्त्री पेटवली, बंद केली, पुन्हा पेटवली. कॉलरी कापण्याच्या नोकरीसाठी गेले होते तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते.

पहिलं पान वाचून झाल्यावर ती म्हणाली, उपकलम तीनमध्ये शिकवण्याचे तास लिहिलेले नाहीत. मी म्हटलं, दहा ते एक. लिही, म्हणाली. मग म्हणाली, पाचवं आणि आठवं एकमेकांच्या विरुद्ध जातात. मी वाद घातला, हरले आणि पाचवं बदललं. नापास झालेलीला दुसरी संधी किती दिवसांनी, तेही ठरवलं. मध्ये एक गिऱ्हाईक येऊन गेलं. दोन वेळा चहा झाला. ती मला पुन्हा अगं-तुगं कधी करायला लागली तेच कळलं नाही. जी बाई निघून जाणार असते ती कागदातल्या चुका काढत बसत नाही, एवढं मलाही समजत होतं. पण तिनं अजून हो म्हटलं नव्हतं, आणि नोटीस टेबलावर तशीच पडलेली होती.

शेवटी ती अकराव्यावर आली. तिथे तिनं भिंग टेकवलं.

"हे बघ," ती म्हणाली, "इथे लिहिलंय की वहिनीनं कामाच्या सहाही दिवशी दुकानात यायचं. शिकवायचं तीन दिवस. धागा निवडायला, कपडा बघायला आणखी एखादा दिवस. मग बाकीचे दिवस कशाला? कारण दिलेलं नाही."

मी म्हटलं, असंच. ती म्हणाली, असंच म्हणजे काय?

बारा वर्षं या प्रश्नानं माझं डोकं उठवलं होतं. आज पहिल्यांदाच त्याचं उत्तर मला तोंडपाठ होतं.

"तू नसलीस की मला करमत नाही," मी म्हटलं.

"मग तसं लिही."

"करारात?"

"करारातच. कारण लिहिलं नाही, तर उद्या मला वाटेल माझी दया येते म्हणून बोलावतेस."

मी लिहिलं. उपकलम अकरा, कारण: वहिनी नसली की नणंदेला करमत नाही. अक्षर वाकडंतिकडं आलं, कारण मला कागद नीट दिसत नव्हता. तिनं तो ओढून घेतला, भिंगाखाली वाचला आणि पेन मागितलं. बोटांना पेन कळत नव्हतं, म्हणून तिनं ते मुठीत धरलं. तिच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरांच्या जागी भली मोठी अक्षरं उमटली, अर्धी ओळ खाऊन बसणारी. माझ्या वाक्याच्या पुढे तिनं लिहिलं, "हे कारण दोघींना लागू." मग नोटीस शेगडीत घालायला म्हणून माझ्या हातात दिली आणि कलमाखाली सही केली.